फोटो एडिटिंगसाठी नवा कॉम्प्युटर घ्यायचाय? आधी काम अडायलंय कुठं ते बघा

तुळशीची लग्नं लागली की पुढं मे संपेपर्यंत आपल्या इकडच्या फोटोग्राफर लोकांना जेवायला वेळ नसतो, आणि नेमकं त्याच टायमाला जुना कॉम्प्युटर मान टाकतो. मग लातूर असो नाहीतर परभणी, दुकानात गेलं की पहिला प्रश्न बजेट किती, आणि आपण पन्नास-साठ हजार म्हणलं की उत्तर तयार असतंय, आय सेव्हन घ्या, सोळा जीबी रॅम, वरून ग्राफिक कार्ड आणि लाइटिंगवालं कॅबिनेट. यातलं खोटं काहीच नाही. पण तुम्ही काम काय करता, त्यात अडतं कुठं, हे कुणी विचारलेलंच नसतंय. आणि स्क्रीनचं तर नावच निघत नाही, ती शेवटी "त्यात मॉनिटर टाकून देतो दादा" अशी मसाल्यासोबत कढीपत्ता आल्यासारखी येते.

म्हणून मॉडेल नंबर नंतर बघू. आधी आत्ता जो कॉम्प्युटर आहे त्याच्यासमोर बसा, नेहमीचं काम सुरू करा, म्हणजे लाइटरूममधे (फोटोचे रंग सुधारायचं ॲडोबीचं सॉफ्टवेअर) दोनशे फोटो एक्स्पोर्टला लावा किंवा अल्बमचं एखादं जड पान फोटोशॉपमधे उघडा, आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समधे जाऊन बघत बसा. मेमरी नव्वद टक्क्याच्या वर चिकटून बसली असेल तर रॅम, म्हणजे चालू काम धरून ठेवणारी मेमरी, कमी पडायलीय. डिस्क शंभर टक्क्यावर आणि बाकी सगळं निवांत, तर हार्डडिस्क तुमचा जीव खायलीय. सीपीयू शंभरवर असेल तर प्रोसेसर. फोटोशॉपमधे असंही होतं की सीपीयू वीस-पंचवीस टक्केच दिसतो तरी काम रखडतं, कारण त्यातली बरीच कामं प्रोसेसरच्या एकाच कोरवर, म्हणजे आतल्या एकाच काम करणाऱ्या भागावर, चालतात, बाकीचे कोर बघत बसतात. लाइटरूमचं एक्स्पोर्ट मात्र सगळ्या कोरला कामाला लावतं. हे दोन्हीतलं अंतर लक्षात ठेवा, प्रोसेसर निवडताना कामाला येतं.

आता रॅमचा हिशोब, कारण सगळे आठ पुरतं का सोळा लागतं एवढंच विचारतात आणि का लागतं ते कुणी सांगत नाही. आपल्याकडं अल्बमचं पान बहुतेक १२ बाय ३६ इंचाचं. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, ते ३६०० गुणिले १०८०० पिक्सल होतं, म्हणजे जवळपास ३ कोटी ८९ लाख पिक्सल. एका पिक्सलला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट धरले तर नुसतं कोरं पान ११७ एमबीच्या आसपास. हे एका थराचं झालं. त्याच्यावर बॅकग्राउंड, त्याच्यावर आठ-दहा फोटो, मास्क, नवरानवरीचं नाव, फुलांचं पीएनजी, आणि मागं जाता यावं म्हणून फोटोशॉप हिस्ट्री धरून ठेवतो ती वेगळीच. एक पान सहज एक जीबी खातं. अशी चार पानं उघडी, बाजूला क्रोममधे व्हॉट्सॲप वेब, खाली गाणी लावलेली, आणि स्वतः विंडोजच तीन-चार जीबी घेऊन बसलेलं. आठ जीबीत हे बसत नाही. रॅम संपली की फोटोशॉप डिस्कवर लिहायला लागतो, त्यालाच स्क्रॅच डिस्क म्हणतात, आणि तिथं जर जुनी फिरणारी हार्डडिस्क असेल तर ब्रश ओढला की चहा पिऊन यायचं.

तर अल्बम डिझाइनला सोळा जीबी ही सुरुवात समजा, बत्तीस जमली तर उत्तम. नुसते फोटो निवडून रंग सुधारायचे असतील तर सोळात आरामात चालतं. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भलतेच चढलेत, मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडं वळलाय म्हणून, त्यामुळं आज बत्तीस झेपली नाही तर दोन आठ-आठच्या पट्ट्या घ्या, पण चार स्लॉटवाला बोर्ड घ्या म्हणजे पुढं वाढवता येईल. एकच सोळाची पट्टी नको, दोन पट्ट्या असल्या की मेमरीचा रस्ता दुप्पट रुंद होतो, आणि वेगळं ग्राफिक कार्ड नसेल तर हा फरक चांगलाच जाणवतो. आणि जुन्या मशीनची डीडीआर४ पट्टी काढून नव्या डीडीआर५ च्या बोर्डात बसवू म्हणाल तर ती बसतच नाही, खाचच वेगळी असते.

डिस्कचं सोपं आहे. फिरणारी हार्डडिस्क सेकंदाला दीडशे-दोनशे एमबी देते, साधा साटा एसएसडी (न फिरणारी, चिपवाली डिस्क) साडेपाचशेच्या आसपास, आणि बोर्डावर चिकटणारा एनव्हीएमई एसएसडी साडेतीन हजार किंवा त्याच्याही वर. विंडोज, सॉफ्टवेअर आणि चालू लग्न एसएसडीवर, झालेली लग्नं हार्डडिस्कवर. एवढंच. पाचशे जीबीचा एनव्हीएमई किमान घ्या, एक टीबी परवडला तर घ्याच. साडेतीन हजारवाला आणि सात हजारवाला यात फोटोच्या कामात हाताला फारसा फरक लागत नाही, तिथं पैसे घालू नका.

पण एक गंमत सांगतो. दोन कॅमेऱ्यांचं लग्न धरा, तीन हजार रॉ, म्हणजे कॅमेऱ्याचे कच्चे, फोटो, एकेक तीस एमबीचा, म्हणजे नव्वद जीबी. हे कार्डातून कॉम्प्युटरमधे घ्यायचंय. स्टेशनरीच्या दुकानातला शंभर-दीडशे रुपयाचा यूएसबी २ चा कार्ड रीडर सेकंदाला तीस-पस्तीस एमबीच्या पुढं जात नाही, त्यानं पाऊण तास जातो. तेच चांगला यूएसबी ३ चा रीडर असेल आणि कॅमेऱ्याचं साधं यूएचएस-वन वेगाचं कार्ड असेल तर नव्वदच्या आसपास मिळतात, सतरा-अठरा मिनिटात काम होतं. लोक एसएसडीवर हजारो रुपये घालतात आणि रीडर तोच जुना. विहिरीला पाणी आहे, मोटर पाच हॉर्सपावरची बसवलीय, पण पाइप दीड इंचीच ठेवलाय, मग पाणी तेवढंच येणार ना. कॉम्प्युटरचं सगळं असंच आहे, सगळ्यात बारीक पाइप कुठं आहे ते शोधायचं आणि तेवढाच बदलायचा.

प्रोसेसरकडं येऊ. "आय सेव्हन आहे" या वाक्याला काहीच अर्थ नाही, कितव्या पिढीचा आहे ते विचारा. नंबर वाचायची युक्ती अशी, इंटेलच्या नेहमीच्या डेस्कटॉप नंबरात शेवटचे तीन आकडे सोडले की पुढं उरते ती पिढी. आय सेव्हन ४७७० म्हणजे चौथी पिढी, २०१३ चा माल. आय फाइव्ह १२४०० म्हणजे बारावी, २०२२ चा. ४७७० च्या मशीन आजही सोळा जीबी आणि एसएसडी टाकून, वरून चकचकीत स्टिकर लावून स्वस्तात मिळतात, आणि खरं सांगायचं तर बाराव्या पिढीचा आय थ्री १२१०० सुद्धा त्याला आरामात मागं टाकतो. दुसरी भानगड विंडोजची. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाला, आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षेची सोय लागते. जुन्यावर जुगाड करून टाकून देतात, ते चालतंही, पण पुढं अपडेट आलं नाही म्हणून कुणाकडं जाणार. त्यामुळं सेकंडहँड घ्यायचंच असेल तर आठव्याच्या खाली उतरू नका. ऑफिसमधून निघालेल्या ब्रँडेड छोट्या डब्याच्या मशीन स्वस्त आणि टिकाऊ असतात हे खरं, पण बऱ्याच डब्यांचा पॉवर सप्लाय त्यांच्याच मापाचा असतो, पुढं नेहमीच्या उंचीचं ग्राफिक कार्ड बसवू म्हणलं तर जागाही नाही आणि वायरही नाही.

नवीन घेताना साठ हजाराच्या आत १२४०० नाहीतर रायझन ५ ५६००जी, असा सहा कोरचा प्रोसेसर फोटोच्या कामाला पुष्कळ झाला. एक बारीक अक्षर बघा, इंटेलच्या नंबरामागं एफ असेल, म्हणजे १२४००एफ, तर त्यात आतलं ग्राफिक नसतं, वेगळं कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काही दिसणारच नाही. तो थोडा स्वस्त म्हणून घेऊन येतात आणि घरी आणून डोकं धरून बसतात.

मग ग्राफिक कार्ड लागतं का? हा प्रश्न पाच-सहा वर्षांमागं विचारला असता तर फोटोसाठी बिलकुल नाही म्हणलं असतं. आता उत्तर बदललंय. एप्रिल २०२३ मधे लाइटरूममधे एआय डीनॉइज, म्हणजे फोटोतले दाणे काढायचं टूल, आलं, मंडपात रात्रीच्या वरातीचे हाय आयएसओचे फोटो साफ करायला ते जबरदस्त आहे, पण ते पूर्ण ग्राफिक कार्डावर चालतं. कार्ड चांगलं असेल तर फोटोला काही सेकंद, नसेल तर काही मिनिटं. आता तुम्ही लग्नातले पन्नास फोटो डीनॉइज करता का आठशे, त्यावर ठरवा. पन्नास असतील तर रात्री लावून झोपा, फुकटात काम होतं. आठशे असतील किंवा व्हिडिओही कापत असाल तर सहा-आठ जीबी मेमरीचं कार्ड घ्या. नुसतं नावाला दोन जीबीचं जुनं कार्ड घालून "ग्राफिक कार्डवाला पीसी" म्हणून विकतात, ते घेण्यापेक्षा तेच चार-पाच हजार रॅममधे घाला. आणि दुकानदार गेमिंगचे एफपीएस (सेकंदाला किती चित्रं दिसतात ते) सांगायला लागला की कानाआड करा.

आता स्क्रीन. माझं सगळं म्हणणं खरं तर इथंच आहे.

तुम्ही हळदीचा पिवळा बघता, पैठणीचा काठ बघता, नवरीचा चेहरा बघता ते कशावर? प्रोसेसर कितीही भारी असू द्या, तो आकडेच मोजतो, तुमच्या डोळ्याला जे दिसतं ते मॉनिटर दाखवतो. बजेटच्या बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीत बारीक अक्षरात ४५ टक्के एनटीएससी लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच की एसआरजीबी नावाची जी साधी, मोबाइल आणि अल्बम छापणारी लॅब दोन्हीकडं चालणारी रंगांची मर्यादा आहे, त्यातले साठ-पासष्ट टक्केच रंग ही स्क्रीन दाखवू शकते. मग होतं काय, पैठणी फिक्की दिसते म्हणून तुम्ही सॅच्युरेशन ओढता, चेहरा मळका दिसतो म्हणून लाल वाढवता, तिकडं पार्टी आपल्या चांगल्या मोबाइलवर फोटो उघडते आणि नवरीचं तोंड भाजल्यासारखं दिसतं. कॉम्प्युटर हँग झालेला तुम्हाला तरी कळतो, हे कळतही नाही.

घेताना तीन गोष्टी बघा. पॅनल, म्हणजे स्क्रीनचा प्रकार, आयपीएस पाहिजे, टीएन नको, ओळखायला सोपं आहे, उभं राहून वरून-खालून बघा, चेहऱ्याचा रंग बदलला किंवा काळं पांढुरकं झालं तर टीएन. दुसरं, एसआरजीबी ९९ किंवा १०० टक्के असं लिहिलेलं पाहिजे, नुसतं "व्हायब्रंट कलर" नाही. एसआरजीबीपेक्षा जास्त रंग दाखवणारे ॲडोबी आरजीबीवाले महागडे मॉनिटर आपल्या लग्नाच्या कामाला गरजेचे नाहीत, बहुतेक लॅब एसआरजीबी जेपेगच मागतात, तरी एकदा तुमच्या लॅबला फोन करून विचारा. तिसरं, साइज आणि रिझोल्यूशन जोडीनं बघा. २४ इंचाला फुल एचडी ठीक दिसतं, २७ इंचाला तेच फुल एचडी दाणेदार वाटतं, तिथं २५६० बाय १४४० पाहिजे. १४४ हर्ट्झ, १८० हर्ट्झ हे गेमवाल्यांचं. आणि घरातला बत्तीस इंची टीव्ही लावून एडिटिंग करणारेही आहेत, टीव्ही स्वतःच चित्राला धार लावतो, रंग गडद करतो, त्यावर स्किन रिटच करायचं म्हणजे अंदाजपंचे.

साठ हजारात बसवायचं असेल तर पाचवा ते चौथा हिस्सा मी डोळे झाकून स्क्रीनला बाजूला काढीन आणि उरलेल्यात डबा बसवीन. डबा चार-पाच वर्षात जुना होतो, मॉनिटर पुढच्या डब्यालाही चालतो.

आणि मॉनिटर आणला की ब्राइटनेस कमी करा, हे फुकटचं आहे पण कुणी करत नाही. खोक्यातून निघालेला मॉनिटर शंभर टक्के ब्राइटनेसवर असतो, अडीचशे-तीनशे निट्स (उजेड मोजायचं माप). प्रिंटशी जुळवायला साधारण १२० निट्स धरतात. म्हणजे तुम्ही दुप्पट उजेडात फोटो बघून "बास, उजळ झाला" म्हणता आणि अल्बम काळा येतो, मग लॅबवाल्याशी भांडण. मॉनिटरच्या सेटिंगमधे रंगाचं तापमान ६५००, गॅमा २.२, विंडोजची नाइट लाइट आणि मॉनिटरचं डोळ्यावालं मोड बंद. पाठीमागं दरवाजा किंवा खिडकी नको, समोर गुलाबी-पोपटी भिंत नको. कॅलिब्रेटर नावाचं यंत्र मिळतं, स्क्रीनवर लटकवलं की रंग मोजून प्रोफाइल बनवतं, पण ते एकट्याला महाग पडतं. तालुक्यातल्या आठ-दहा फोटोग्राफरनी मिळून एक घेतलं आणि दोन महिन्यातून एकदा फिरवलं तर प्रत्येकाला किरकोळीत पडेल. तेही जमत नसेल तर लॅबकडून छापून आलेलं एक पान घ्या, त्याचीच फाइल स्क्रीनवर उघडा, दिवसा चांगल्या उजेडात शेजारी धरा, आणि फाइलला हात न लावता मॉनिटरचीच बटणं फिरवून जवळपास आणा. यंत्राइतकं अचूक होत नाही, पण काहीच न करण्यापेक्षा शंभर पटीनं बरं.

लॅपटॉप का डेस्कटॉप, हा प्रश्न आपल्या इकडं उन्हाळाच सोडवतो. सीझन एप्रिल-मेचा, बाहेर पारा बेचाळीस-त्रेचाळीसला, वर पत्र्याचं दुकान. प्रोसेसर शंभर डिग्रीच्या जवळ गेला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि पातळ लॅपटॉपमधे ते पाच मिनिटात होतं, डेस्कटॉपमधे पंख्याला जागा असते. त्याच पैशात डेस्कटॉप जास्त काम देतो आणि बिघडला तर एकेक भाग बदलता येतो. गावोगाव फिरून जागेवरच फोटो दाखवायचे असतील तर लॅपटॉप घ्या, प्रोसेसरच्या नंबरामागं यू असलेल्यापेक्षा एच असलेला बघा, आणि दुकानात बसताना त्याला बाहेरचा मॉनिटर जोडा. कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या, काचेचं बंद नको, आणि महिन्यातून एकदा ब्लोअर मारा, आपल्याकडची धूळ पंख्यात गादीसारखी बसते.

लाइटचं तर सांगायलाच नको. स्वस्तातला नावगाव नसलेला एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, घेऊ नका, ८० प्लस ब्राँझ शिक्क्याचा ४५० ते ५५० वॅटचा घ्या, व्होल्टेज वरखाली झालं की सगळ्यात आधी तोच मरतो आणि मरताना बोर्ड घेऊन जातो. यूपीएस लागतोच, ग्राफिक कार्ड नसेल तर ६०० व्हीएचा चालतो, कार्ड असेल तर हजारच्या पुढचा, आणि तो तासभर काम करायला नाही, सेव्ह करून बंद करायला आहे. घरच्या इन्व्हर्टरवर लावणार असाल तर मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का बघा, साध्या मोडमधे लाइट जाते-येते त्या क्षणात मशीन रिस्टार्ट होतं. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही, आधी वायरमन बोलवा, कॉम्प्युटर नंतर.

मॅक मिनीबद्दल लई जण विचारायलेत. नोव्हेंबर २०२४ ला एम४ वाला आला तेव्हा भारतातली किंमत ५९,९०० पासून होती, सोळा जीबी मेमरी आणि २५६ जीबी एसएसडी. लाइटरूम-फोटोशॉपला तो या पैशात खरंच वेगवान आहे, लाइट कमी खातो, आवाज नाही. पण मॉनिटर, कीबोर्ड, माउस वेगळे, मेमरी नंतर वाढवता येत नाही, २५६ जीबीत दोन लग्नं बसली की पुढं बाहेरची डिस्क आलीच. आणि अल्बमची जी विंडोजची प्लगइन आणि डोंगल (सॉफ्टवेअर चालायला लावावी लागणारी यूएसबीची किल्ली) घेऊन बसलोय ती मॅकवर चालतात का हे आधी विचारा, डोंगल लावायला जुन्या यूएसबीचं भोकच त्याला नाही. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर नावं टाइप करणाऱ्यांनीही तेच विचारावं. माझ्या मते नुसता लाइटरूमवाला असेल तर मॅक मिनी, अल्बमवाला असेल तर विंडोज.

सॉफ्टवेअरचे पैसे बजेटमधे धरलेले नसतात कारण दुकानदार "टाकून देतो" म्हणतो. क्रॅक टाकताना पहिलं काम अँटिव्हायरस बंद करायचं असतं, आणि त्याच मशीनवर तुमच्या गिऱ्हाइकांची लग्नं असतात. ॲडोबीचं भाडं नको असेल तर रॉसाठी डार्कटेबल आणि रॉथेरपी फुकट आहेत, फोटोशॉपच्या जागी गिंप, आणि ऑक्टोबर २०२५ पासून ॲफिनिटीही फुकट झालंय. हात बसायला वेळ लागतो हे खरं. सीझनच्या मधेच बदलू नका, पावसाळ्यात बसून शिका.

एवढं वाचून कळलं असेल की कधी कधी नवीन घ्यायचीच गरज नसते. मशीन आठव्या पिढीची किंवा पुढची असेल आणि टास्क मॅनेजरमधे रॅम किंवा डिस्कच भरलेली दिसत असेल तर पट्टी आणि एसएसडी टाका, उरलेल्यात चांगला मॉनिटर घ्या. टास्क मॅनेजरच्या मेमरीवर क्लिक केलं की किती स्लॉट भरलेत तेही खाली लिहिलेलं असतं. लाइटरूममधे स्मार्ट प्रिव्ह्यू, म्हणजे रॉ फोटोच्या हलक्या प्रती, बनवून एडिटिंग त्यावर लावलं तर जुनी मशीनही हलकी चालते, प्रेफरन्सेसमधे परफॉर्मन्सखाली ते आहे. आणि सीझनच्या फाइली ठेवायला चार टीबीची एक हार्डडिस्क आणि तेवढीच दुसरी, जी दुकानात नाही, घरी ठेवायची. मॉनिटरच्या आधी हे पैसे बाजूला काढा म्हणलं तरी चालेल.

घ्यायला जाताना पेनड्राइव्हमधे तुमचं स्वतःचं एक जड पीएसडी पान, पन्नास रॉ फोटो आणि एक चांगलं छापून आलेलं प्रिंट सोबत घेऊन जा. मशीन जोडून झाली की तिथंच उघडायला लावा, एक्स्पोर्ट लावा, टास्क मॅनेजर बघा, प्रिंट स्क्रीनशेजारी धरा. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या. आणि बिलावर "कॉम्प्युटर सेट एक नग" असं लिहून घेऊ नका, प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, मॉनिटर, प्रत्येकाचं मॉडेल आणि सिरियल नंबर वेगळा लिहून जीएसटीचं पक्कं बिल घ्या, कारण वॉरंटी प्रत्येक भागाची वेगळी असते, एसएसडीची पाच वर्षं असू शकते आणि मॉनिटरची तीन, आणि दीड वर्षानं एखादा भाग गेला की त्या एका नंबरावरच सगळं अवलंबून असतंय.